ळ

माय कपाशी वेचायला निघते
तेव्हा अंगणात अजून अंधार असतो.
मग सुयोगचं सगळं माझ्याकडे.
तोंड धुणं, डोक्याला तेल,
उलटा सदरा सुलटा करणं,
डाव्या पायातली चप्पल उजव्यातून काढणं.
बाटली घरूनच भरायची.
शाळेच्या हापशीचं पाणी खारं.
"त्या पान्यानं दायबी शिजत नाई,"
असं म्हणत म्हणत पंचफुलाबाई
रोज बेचाळीस ताटल्यांची खिचडी शिजवतात.

मी चौथीत, तो पहिलीत. मधे एकच भिंत.
पहिले आठ दिवस
तो खिडकीचा गज धरून रडला.
नवव्या दिवशी विसरला रडायचं,
आणि दुपारी आठवलं तेव्हा
शाळा सुटायची वेळ झाली होती.

हजेरी रोज ऐकू येते.
"सुयोग हिवराळे?"
"हजर. सुयोग हिवराये."
"हिवराळे म्हण."
"हिवराये."
वर्गात कुणी हसत नाही,
सगळ्यांच्याच घरी केयं, फय, डोये, उन्हाया.
हसतात त्या फक्त चौगुले मॅडम, तोंडाला ओढणी लावून.
त्या सांगलीकडच्या.
त्यांच्या जिभेवर ळ असा वळतो
जसा कुणी दोर वळावा पीळ देऊन.

घरी बाबाला सांगितलं.
बाबा सही करतात हिवराळे,
बोलताना हिवराये.
"लिवाचं येक, बोलाचं येक," म्हणाले,
"ब्यांकेत असंच असते."

दिवाळीपर्यंत त्याच्या सात पेन्सिली हरवल्या.
दहा तुराट्यांचा जुडा म्हणजे दशक, हे कळलं,
आणि दशक चुलीत गेलं तेव्हा तो मायवर दोन दिवस रुसला.
एकदा सरकीचे सत्तावीस दाणे मोजून खिशात घातले,
खिशाला भोक.
घरी एकोणीस निघाले.
वजाबाकी बाईंनी नंतर शिकवली.

ळ आला जानेवारीत.
बाईंनी फळ्यावर काढला
तर हा बाकावर उभा राहून ओरडला,
"हे तं बाबाची सायकल!"
दोन चाकं, मधे दांडी, खरंच की.
पण सायकल काही चालेना.
जीभ मागे ने, टाळूला लाव, सोड.
तो जेवताना घास गालात ठेवून जीभ वर न्यायचा,
झोपेत न्यायचा,
समोरचा दात हलायला लागला
तर जीभ तिकडेच अडकायची.

मार्चात शाळा सकाळची झाली.
पांदणीनं येत होतो, ऊन अजून कोवळं,
बोरीवरून खार उतरली
आणि हा तिच्यामागे धावत ओरडला,
"ताई, पळाली! पळाली!"
मग थांबला.
तोंडावर हात.
जणू काही फोडलं होतं त्यानं,
आणि आता कुणी पाहिलं का ते बघत होता.
मी पाहिलं नाही असं केलं.

आता वर्गात तो ठणठणीत हिवराळे आहे.
घरी येतो,
दारात चप्पल काढतो, तिथंच ळ काढून ठेवतो,
"माय, केयं दे."
माय देते.
मी विचारलं, असं कायले करतं?
तर म्हणाला, "तिले कयलं पायजे ना."

जुलैत मी पाचवीला. सहा किलोमीटर, साडेसहाची एसटी.
तो फाट्यापर्यंत आला सोबत.
बाटली स्वतः भरलेली,
झाकण तिरपं, पाणी गळून
पायाशी धुळीत ठिपके पडत होते.
केस मीच विंचरले होते, शेवटचे म्हणून नाही,
उशीर होत होता म्हणून घाईघाईत.

गाडी हलली तशी तो काहीतरी ओरडला,
माझ्या नव्या शाळेबद्दल.
शाया म्हणाला की शाळा,
त्या इंजिनाच्या आवाजात
मला ऐकूच आलं नाही.